नौकेतील न्हाणीघराचा उपसा-पंप : दोष व त्यांचे निदान

जोयडा तालुक्याचा आणि पाण्याचा संबंध जुना व जिव्हाळ्याचा आहे. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीच्या परिसरात उगम पावते आणि सदाशिवगडापाशी अरबी समुद्रास मिळते. १९८७ साली पूर्ण झालेल्या सुपा धरणाच्या जलाशयाखाली जुने सुपे गाव गेले व तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. त्या पाण्यावर वीज निर्माण होऊ लागली आणि गणेशगुडीच्या बाजूस पर्यटकांची वर्दळ वाढली. व्यापारी कुटुंबांतील तरुणही निवासगृहे व नौकाविहार यांच्या धंद्याकडे वळू लागले आहेत. त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून नौकेतील न्हाणीघराच्या उपसा-पंपाचा हा पाठ सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

धान्याच्या व्यापाऱ्यास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. केरळातील ज्या निवासी नौकांतून आज प्रवासी हिंडतात, त्या 'केट्टुवल्लम' नावाच्या नौका मूळच्या भात व तांदूळ वाहून नेणाऱ्या होत. लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून त्या बांधीत. रस्त्यांची वाहतूक वाढली तसे त्यांचे काम गेले आणि १९९० नंतरच्या काळात त्यांत शय्यागृहे व न्हाणीघरे आली. जेथे पोती रचली जात तेथे माणसे स्नान करू लागली. आणि त्याबरोबर पूर्वी नसलेला एक प्रश्न उभा राहिला. स्नानाचे पाणी जावे कोठे?

घरातील मोरीचे पाणी उताराने आपोआप वाहून जाते. नौकेच्या न्हाणीघराची जमीन मात्र पुष्कळदा बाहेरील पाण्याच्या पातळीच्या खाली असते. पाणी वर चढत नाही. म्हणून ते एका लहान पेटीत गोळा करून पंपाने वर उचलावे व नौकेच्या कडेतून बाहेर टाकावे लागते. आता हिशेब पाहा. फवाऱ्यातून मिनिटास ६ लिटर पाणी पडते असे धरले, तर ५ मिनिटांच्या स्नानास ३० लिटर लागतात. चौघांची स्नाने झाली की १२० लिटर, म्हणजे १२० किलो वजन, एका क्विंटलाहून अधिक. क्विंटलभर धान्याचे पोते ठेवल्या जागी स्वस्थ बसते. पाणी तसे बसत नाही. नौका ज्या बाजूस कलते त्याच बाजूस ते धावते व तिला आणखी कलवते. यास्तव तुंबलेली मोरी ही घरी केवळ गैरसोय असली, तरी नौकेत तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

या योजनेचे भाग मोजके आहेत. पाणी प्रथम जाळीतून पेटीत येते. पेटीत तरंगता खटका असतो; पाणी चढले की तो वर उचलला जातो व पंप सुरू होतो, पाणी उतरले की बंद होतो. पंप बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला पाण्यात बुडून राहणारा, फिरत्या पंख्याचा. दुसरा पेटीबाहेर बसणारा, रबरी पडद्याच्या हालचालीने पाणी ओढणारा. पंख्याचा पंप हवा भरल्यास पाणी उचलू शकत नाही. पडद्याचा पंप पाणी ओढून घेतो, पण त्याच्या झडपेत एखादा केस अडकला तरी तो नुसताच चालत राहतो.

पाणी उपसले जात नाही असे दिसताच पंप बदलण्याची घाई अनेकजण करतात. हा मार्ग खर्चाचा असून पुष्कळदा व्यर्थ ठरतो, कारण दोष पंपात नसून त्याच्या आधी किंवा नंतर असतो. वहीत तफावत आली की मुनीम नवी वही घेत नाही. तो एकेक नोंद क्रमाने ताडून पाहतो. येथेही तोच क्रम ठेवावा. प्रथम वीज तोडावी, मगच पेटीत हात घालावा. जाळी काढून केस, साबणाचा चिकट थर व गाळ स्वच्छ करावा. नंतर वीज जोडून एक बादली, म्हणजे १० लिटर पाणी मोजून ओतावे आणि ते बाहेर जाण्यास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहावे. पंप नवा असतानाच हा वेळ टिपून ठेवला असेल, तर पुढे तुलना सोपी होते.

यानंतर लक्षणावरून निदान करावे. पंप अगदीच निःशब्द असेल, तर खटका हाताने वर उचलावा. तरीही आवाज नसेल, तर फ्यूज पाहावा व मीटर लावून पंपाच्या तारांवर किती व्होल्ट येतात ते मोजावे. वीज पुरेशी येत असून पंप फिरत नसेल, तर मोटार बिघडली किंवा पंखा अडकला. वीज येतच नसेल, तर दोष फ्यूज, खटका वा तारेच्या जोडात शोधावा. पंप घूं घूं करतो पण फिरत नाही, किंवा फ्यूज वारंवार जातो, तर पंख्यात केसांचा गुंता असण्याचा संभव अधिक. अशा वेळी मोठा फ्यूज घालणे हे आगीस आमंत्रण होय.

पंप फिरतो पण पाणी जात नाही, तेव्हा पंपाचा प्रकार आठवावा. पंख्याच्या पंपात हवा कोंडली असेल, अथवा बाहेरच्या नळीला पीळ पडला असेल. पडद्याच्या पंपात ओढनळीच्या सांध्यातून हवा शिरते, पडदा फाटतो किंवा झडपेत कचरा राहतो. पाणी जाते पण फार मंद, अशी तक्रार असेल तर विजेचा हिशेब करावा. पंपास ३ अँपिअर प्रवाह लागतो आणि गंजलेल्या जोडाचा रोध अर्धा ओहम आहे असे समजा. तर त्या एका जोडात सुमारे दीड व्होल्ट खर्ची पडतो व पंपाच्या हाती साडेदहाच राहतात. कारवारच्या खाडीसारख्या खाऱ्या हवेत तांब्याच्या तारांवर हिरवा थर चढतो. तो खरवडून जोड नवा करावा व हवाबंद करावा.

पंप थांबतच नाही, हे लक्षण मात्र विशेष जपून पाहावे. साबणाच्या थराने खटका वरच चिकटला असेल, तर तो धुतल्यावर सुटतो. पंप थांबतो व थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो, असे असल्यास नळीतील पाणी परत पेटीत उतरत असेल. २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या ३ मीटर नळीत सुमारे दीड लिटर पाणी मावते; लहान पेटीत तेवढे खटका उचलण्यास पुरेसे होते आणि रात्रभरात बॅटरी रिकामी होते. पण याहून गंभीर तिसरे कारण आहे. बाहेरचेच पाणी नळीवाटे आत येत असेल तर?

याची परीक्षा सोपी आहे. पेटी रिकामी करून पंपाची वीज तोडावी आणि तासभर पाहत राहावे. थोडे पाणी उतरून पातळी स्थिर झाली, तर ते नळीतले. पातळी चढतच राहिली, तर ते नदीचे किंवा समुद्राचे. नळीचे बाहेरचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर असले, तरी प्रवासी अधिक झाले किंवा नौका कलली की ते बुडते. आणि पंप बंद असताना पाणी उलट दिशेने आत वाहू लागते. यावर उपाय असा, की तोंड पुरेसे उंच ठेवावे आणि नळीला पातळीच्या बरीच वर कमान देऊन तिच्या माथ्याशी हवा घेणारी झडप बसवावी. केवळ एकमार्गी झडपेवर विसंबू नये; तीत एक केस अडकला की तिचे दार उघडेच राहते.

आणखी एक नियम कधीही मोडू नये. नौकेच्या तळाशी झिरपणारे पाणी उपसण्याचा पंप निराळा असतो. खर्च वाचविण्याकरिता न्हाणीघराचे पाणी तळात सोडून त्याच पंपावर भार टाकणे अत्यंत धोक्याचे आहे. केसांनी व साबणाने तो तुंबला, तर नौकेला भोक पडेल त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरेल. तसेच स्नानाच्या जागी घरगुती २३० व्होल्टचा पंप बसवू नये.

साबणाचे पाणी टाकावे कोठे, याचाही विचार हवा. समुद्राच्या भरतीओहोटीत ते विरून जाते असे म्हणता येईल. जलाशयाच्या संथ पाण्याचे तसे नाही. जोयड्याच्या परिसरातील अरण्य २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखले जाते आणि तेथील प्राणी हेच पाणी पितात. अशा ठिकाणी सांडपाणी नौकेतच टाकीत साठवून काठावर आणून योग्य जागी सोडणे उचित.

जाळी दर आठवड्यास धुवावी, खटका महिन्यातून एकदा हाताने उचलून पाहावा, आणि नौकेत एक जादा फ्यूज, एक पडदा-झडपांचा संच व दोन नळीपट्ट्या बाळगाव्यात. डोंगरउतारावरील निवासगृहात किंवा पावसाळ्यात पाणी झिरपणाऱ्या तळघरात असाच पंप बसविला असेल, तर हाच क्रम तेथेही उपयोगी पडेल. मात्र तेथे वीज घरगुती असल्याने उघड्या तारांचे काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे.