नव्याच्या सणाआधी

शेंदूरजनाघाट,
भाद्रपद वद्य

चि. पल्लवीस,


ठाण्यात खोली मिळाली, तीही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आजींच्या घरात, हे तुझ्या आईकडून कळलं. त्यांच्याकडून स्वयंपाक शिकायचा म्हणतेस. शीक, पण वही घेऊन लगेच ओट्याशी उभी राहू नकोस. आधी त्या घरात काय चालत नाही तेवढं बघ. त्यांच्या रांधण्याची चव त्या पथ्यांतून आली आहे. तुझ्या काकांच्या नोकरीमुळे अलिबागला इस्राएल आळीजवळ आमचं बिऱ्हाड होतं, तेव्हा शेजारणीच्या ओट्यावर पाहिलेलं सांगते.

मटणाच्या जेवणात दूध, दही, तूप काही नाही. म्हणून रस्सा नारळाच्या दुधात, आणि वरचं गोडही नारळाच्याच दुधात. लोक म्हणतात, कोकणात नारळ पिकतो म्हणून. नारळ तर आळीबाहेरच्या घरांतही होते, पण त्यांना सागुतीच्या जेवणावर दह्याची वाटी चालायची. आपल्याकडे पुरणावर तुपाची धार धरल्याशिवाय पाहुणा उठत नाही. तुझा हात आपोआप डब्याकडे जाईल, तो आवर. बऱ्याच घरांत मटणाची आणि दुधाची भांडीही वेगळी असतात. घासायला घेण्याआधी विचार.

मासा खवल्यांचा आणि परांचाच. झिंगे, खेकडे, मांगूर त्या उंबऱ्याच्या आत आणू नकोस. मटणाला मीठ लावून रक्त काढून टाकतात. अंडं आधी वाटीत फोडून बघतात, रक्ताचा ठिपका दिसला की ते बाद. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शनिवारचा स्वयंपाक उरकलेला असतो. कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. तेव्हा शनिवारी सकाळी चहासाठी गॅस पेटवायचा का, हे आजींना आदल्या दिवशीच विचारून ठेव. काही घरं याबाबत कडक असतात, काही नाहीत.

आता त्यांचा नव्याचा सण, म्हणजे नववर्ष, जवळ आला. अधिक मास आडवा आला नाही तर तो आपल्या घटस्थापनेला लागूनच येतो. त्याला चिकाचा हलवा होतो, आणि इथे तू कामाची आहेस! आपल्या कुरडयांचा चीक तू लहानपणापासून काढते आहेस. तसेच गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळून घ्यायचे. चीक तळाशी बसला की वरचं पिवळट पाणी अलगद ओतून टाकायचं. पुढे मात्र वाट वेगळी. आपण चीक मिठाच्या पाण्यात शिजवून सोऱ्यात भरतो. त्या तो नारळाच्या घट्ट दुधात, साखर घालून, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर घाटतात. तास-दोन तास उलथणं थांबत नाही. आधी पातळ कांजी, मग गुठळ्या, मग लकाकी येऊन गोळा पातेल्याची कड सोडतो. तेव्हाच ताटात थापायचा, वर बदामाचे काप, आणि निवल्यावर वड्या. शेजारणीचा दंड दुखायला लागला की मी उलथणं धरायची. तूही धर. न विचारता अर्धी विद्या त्यातच मिळेल.

बाकीचे सण येतील तसे बघशील. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली लिहिलेल्या आणि १९३७ साली छापून आलेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासात त्यांची मराठी नावं आहेत: खिरीचा सण, बिरड्याचा रोजा, होळीचा सण. होळीच्या सणाला म्हणजे पुरीमला पुरणपोळी असते, तिथे तुझा हात चालू दे. सणाच्या प्रार्थनेला द्राक्षारसाच्या जागी काळ्या मनुका भिजवून पिळलेलं सरबतही चालतं. पेसाहच्या सणाचे आठ दिवस पाव, पोळी नाही, गव्हाची फक्त बिनखमिराची रोटी, आणि भात चालतो. तेवढे दिवस माझ्या कुरडया बॅगेतून बाहेर काढू नकोस.

मलिदा वेगळा सांगते. आपल्या गूळ-पोळीच्या मलिद्याशी त्याची गल्लत करू नकोस. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा, आणि भोवती फळं. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे संदेष्ट्या एलियाच्या, नावानं प्रार्थना होते, मगच हात लावायचा. नवस, लग्न, नवं घर, कशालाही मलिदा असतो. चव बघते म्हणून चमचा घालशील, तर त्या काही बोलणार नाहीत, पण पुन्हा बोलावणारही नाहीत.

आणखी एक. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले, कुणी लोदला, कुणी दिमोनाला. तुम्ही आता किती जण उरलात, हे आजींना विचारू नकोस. पाहुणे ते विचारतातच. तू भाव विचार, नारळ कुठला चांगला ते विचार. आणि त्यांच्या परवानगीशिवाय मोबाईलवर काही टाकू नकोस.

इकडे आंबिया बहाराची फळगळ चालू आहे, तुझे काका दिवसभर बागेतच. संत्री दिवाळीच्या सुमारास पाठवीन, हिरवी तोडून नाही. गहू मात्र उद्याच पार्सल करते, चार किलो. दोन आजींचे, दोन तू हात बसवायला वापर.

तुझी,
मावशी