ट्रॅकवरच्या स्विफ्टला कोणता ईसीयू?

प्रश्न : मी लखनौत असतो. माझी 2008ची पेट्रोल स्विफ्ट ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पळवतो. इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयू) बदलताना काय पाहावं?

उत्तर : इंजिन मूळचंच असेल तर तूर्त बदलू नका, पैसे ब्रेक आणि टायरवर घाला. कॅम बदलला असेल किंवा टर्बो बसवला असेल, तर मात्र स्वतंत्र ईसीयू घ्या. हॅलटेक, लिंक, मेगास्क्वर्ट यांपैकी तुमच्या ट्यूनरचा हात ज्यावर बसलाय तोच निवडा. वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सर आणि ऑइल प्रेशर घसरताच इंजिन बंद करणारी सोय, यांत तडजोड नको. बुद्धची मागची सरळ एक किलोमीटरहून लांब आहे. तिथे फुल थ्रॉटलवर हवा-इंधनाचं मिश्रण पातळ झालं, तर पिस्टन वितळू शकतो. ट्यूनिंग थंडीत केलं असेल, तर लखनौचा मे तापण्याआधी इनटेक हवेच्या तापमानानुसार इग्निशन मागे घेणारा तक्ता पुन्हा तपासून घ्या.