पानाला दहा गुण

जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पानं संगणकाला वाचायला दिली की ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो आणि ‘खरे’चं ‘रवरे’ होऊन बसतं. ते निस्तरायला माणूसच लागतो. एका ग्रंथालयाने हे काम महाविद्यालयीन मुलांना वाटून दिलं आणि गोडी लागावी म्हणून त्याची स्पर्धा केली. तपासलेल्या प्रत्येक पानाला दहा गुण, पडद्यावर सतत हलणारी क्रमवारी, शेवटी बक्षीस. माझी हयात मुद्रितशोधनात गेलेली, म्हणून झालेलं काम पाहायला मला बोलावलं. तिथे जे दिसलं ते असा उपक्रम काढू पाहणाऱ्यांनी आधीच ऐकून ठेवावं.

पानं भराभर ‘पूर्ण’ होत होती. पण संपली होती ती मुखपृष्ठं, अर्पणपत्रिका, छोट्या कविता. कोष्टकांची, तळटीपांची, बारीक टायपातली पानं कुणी उघडलीही नव्हती, कारण त्यांनाही दहाच गुण. क्रमवारीत वर असलेल्या काहींनी तर पान न वाचताच जतन केलं होतं. मुलं लबाड नव्हती. खेळाने संख्या मागितली, त्यांनी संख्या दिली.

खरं नुकसान मात्र मन लावून काम करणाऱ्यांकडून झालं. १९६२च्या लेखननियमांआधीच्या मजकुरात ‘नाहीं’, ‘केलें’, ‘घरीं’ असे अनुस्वार असायचे. मुलांनी ते चुका समजून पुसून टाकले. छापलंय तसंच उतरवायचं, हे सूचनापत्रकात होतं. खेळात कुठेच नव्हतं. संगणकाची चूक निदान डोळ्याला खुपते. ‘रवरे’ दिसलं की कुणीही थबकेल. अनुस्वार गेलेलं ‘नाही’ पाहून कुणाला शंकाही येत नाही, आणि पुढचा अभ्यासक तेच मूळ समजून चालतो.

म्हणून उत्तर आधीच ठाऊक असलेला मजकूर कामात मिसळा, आणि तो कुठला हे कळू देऊ नका. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०११मध्ये जुन्या वृत्तपत्रांसाठी ‘डिजिटलकोत’ हा उपक्रम काढला. त्यातल्या एका खेळात चित्रातला शब्द बरोबर टाइप केला की बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्यांसाठी पुलाचा एकेक तुकडा जोडला जाई. खेळाडूची पारख ठाऊक उत्तरांच्या शब्दांवर होई आणि एकच शब्द अनेकांकडे जाई. २००७मध्ये आलेल्या रीकॅप्चाची युक्तीही हीच होती: दोन शब्द दाखवायचे, त्यातल्या एकाचं उत्तर यंत्राला माहीत असायचं. आपल्याकडे हे करताना सुटा शब्द न देता अख्खी ओळ द्यावी असं माझं मत आहे. शाई फुटलेल्या छपाईत ‘व’ की ‘ब’ हे आजूबाजूच्या शब्दांवरूनच उमगतं. आणि चाचणीच्या ओळींत जुने अनुस्वार मुद्दाम ठेवा. सूचनापत्रकापेक्षा त्यातून लवकर शिकणं होतं.

क्रमवारीबद्दल माझं मत फार कडक आहे. शब्दकोश उघडा ठेवून सावकाश काम करणारी एक मुलगी होती. तिच्या पानांत एकही अनुस्वार हरवला नव्हता. रोज आपलं नाव तळाशी पाहून ती यायची थांबली, याची मला आजही हळहळ वाटते. २०१०मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ या उपक्रमात लोक ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरच्या जुन्या हवामाननोंदी उतरवत. एका जहाजाच्या सर्वाधिक नोंदी करील तो त्याचा ‘कॅप्टन’. काहींना त्याने चेव आला, तर काहींनी पुढच्याला गाठता येत नाही म्हणून नाद सोडला. ज्याला त्याला स्वतःची प्रगती दाखवा, आणि सगळ्यांना मिळून अंक कुठवर आला ते दाखवा. एवढं पुरतं.

शंकेलाही गुण द्या. आकाशगंगांचे आकार ओळखायला लोकांना बोलावणाऱ्या ‘गॅलेक्सी झू’मध्ये २००७ साली हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला ठरावीक प्रश्नांत न बसणारी एक विचित्र आकृती दिसली. तिने विचारलं, म्हणून खगोलशास्त्रज्ञांपुढे एक नवीच वस्तू आली. आमच्या पडद्यावर ‘मला कळलं नाही’ म्हणायला बटणच नव्हतं. अडलेला मुलगा एक तर अंदाज ठोकी, नाही तर पान सोडून देई.

आणि गुण ठरवण्याआधी एक अख्खा अंक स्वतः तपासा. कवितेच्या पानाला किती वेळ लागला, पंचांगाच्या कोष्टकाला किती, ते लिहून ठेवा आणि त्या प्रमाणात गुण लावा. बक्षिसाची रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल, पण एक जाणता मुद्रितशोधक मानधन देऊन पहिल्या दिवसापासून सोबत बसवा. मला बोलावलं तेव्हा निम्मी मुदत सरून गेली होती.