ऊस तोडणी-वाहतुकीचा ठेका: कापलेला टीडीएस परत कसा मिळवायचा, खर्च कसा दाखवायचा



हंगाम संपला, पट्टा पडला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या. आता हिशेबाला बसायची वेळ आहे. माढा, पंढरपूर, माळशिरस, मोहोळ भागातले आपले बरेच सभासद ट्रॅक्टर-ट्रॉली लावून कारखान्याचा तोडणी-वाहतुकीचा ठेका घेतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो: "शेतकऱ्याला इन्कम टॅक्स नाही म्हणता, मग कारखान्यानं बिलातनं टॅक्स का कापला?"

कारण साधं आहे. तुमच्या रानातला ऊस विकून आलेला पैसा शेतीचं उत्पन्न आहे, त्यावर कर नाही. पण दुसऱ्याचा ऊस तोडून कारखान्यावर पोचवला, दुसऱ्याचं रान नांगरून दिलं, जेसीबी किंवा हार्वेस्टर भाड्यानं दिला, तर तो धंदा झाला. सातबारा नावावर असला तरी त्यानं फरक पडत नाही.

*कापलेले पैसे कुठे गेले?*

कलम १९४सी प्रमाणे कारखाना वैयक्तिक ठेकेदाराच्या बिलातून १ टक्का टीडीएस कापतो आणि तुमच्या पॅनवर सरकारकडे भरतो. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे बंद पडला असेल, तर हाच दर २० टक्के होतो. १८ लाखांच्या बिलावर १८ हजार कापायचे की ३ लाख ६० हजार, एवढा हा फरक आहे. पॅन आजच तपासा.

हे पैसे बुडालेले नसतात. पण रिटर्न भरल्याशिवाय परतही येत नाहीत. "एवढ्याशा पैशासाठी कोण सीएकडे जातंय" म्हणून लोक वर्षानुवर्षं सोडून देतात. त्यात दुसरा धोका आहे. कारखान्यानं दिलेली *पूर्ण* रक्कम २६एएस मध्ये तुमच्या नावावर दिसते. त्यातले बहुतेक पैसे टोळीला आणि डिझेलला गेले हे तुम्हाला माहीत आहे, खात्याला नाही. खात्याच्या लेखी १८ लाख तुम्हाला मिळाले. खर्च मांडायचा तो यासाठी.

*खर्च मांडायचे दोन रस्ते*

पहिला रस्ता अंदाजी उत्पन्नाचा, कलम ४४एडी. वर्षाची जमा २ कोटींच्या आत असेल, तर बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोखीतल्या रकमेच्या ८ टक्के उत्पन्न दाखवायचं. बाकी सगळा खर्च धरला जातो, पावत्यांची फाईल लागत नाही. कारखाना पैसे बँकेतच देतो, म्हणून १८ लाखांवर १ लाख ८ हजार उत्पन्न. खरी कमाई जास्त झाली असेल तर मात्र तीच दाखवायची. एवढ्या उत्पन्नावर, दुसरी कमाई नसेल तर, कर शून्य. म्हणजे कापलेले १८ हजार पूर्ण परत.

या रस्त्यानं गेलात तर डिझेल, घसारा, व्याज असा वेगळा खर्च पुन्हा मागता येत नाही. एकदा धरलेला रस्ता मधेच सोडला, तर पुढची ५ वर्षं तो वापरता येत नाही आणि ऑडिटही मागे लागू शकतं. मुकादमी किंवा दलालीचं कमिशन यात बसत नाही. स्वतःचा ट्रक असणाऱ्यांसाठी ४४एई हे वेगळं कलम आहे.

दुसरा रस्ता म्हणजे वही ठेवून खरा खर्च दाखवणं. तोटा झाला असेल तर हाच धरावा लागतो. रिटर्न मुदतीत भरलं तर धंद्यातला तोटा पुढची ८ वर्षं ओढता येतो. मुदत चुकली तर तो हक्क जातो.

*वहीत काय बसतं, काय नाही*

डिझेल बसतं. पण तोच ट्रॅक्टर आपल्या रानातही चालतो. घरच्या नांगरटीचं डिझेल ठेक्यात दाखवता येत नाही. तासांची किंवा खेपांची नोंद ठेवा आणि त्या हिशेबानं वाटणी करा. पंपावर बिल घेताना गाडीचा नंबर टाकून घ्या. ड्रायव्हरचा पगार-भत्ता, टायर, दुरुस्ती, विमा यांनाही हाच नियम.

कर्जाचा हप्ता पूर्ण खर्च नाही. त्यातलं *फक्त व्याज* खर्चात जातं, मुद्दल नाही. बँकेकडून व्याजाचा दाखला मागून घ्या. कारखान्याच्या पंधरवड्याच्या बिलातून हप्ता आणि डिझेल परस्पर कापलं जातं, तिथंही डिझेल खर्चात आणि हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात, असं वेगळं लिहा. निव्वळ हातात आलेली रक्कम जमा म्हणून लिहू नका, कारण २६एएस शी जुळणार नाही.

मुद्दलाच्या जागी घसारा मिळतो, साधारण यंत्रासाठी वर्षाला १५ टक्के. ८ लाखांची यंत्रणा असेल तर पहिल्या वर्षी १ लाख २० हजार. मात्र त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा. १ नोव्हेंबरला कामाला लावलेल्या यंत्राचे ३१ मार्चपर्यंत १५१ दिवसच होतात, म्हणजे ६० हजार. अनुदान घेतलं असेल तर ते किमतीतून आधी वजा करा.

ओव्हरलोडचा दंड खर्चात बसत नाही. घरच्या लग्नाला वऱ्हाड नेलं ते डिझेलही नाही. 🙂

*टोळीची उचल: इथं सगळ्यात जास्त पैसा अडकतो*

हंगामाआधी मुकादमाला दिलेली उचल हा *खर्च नाही*, ती येणे रक्कम आहे. टोळीनं काम केलं, त्यातून उचल फिटत गेली, तेवढीच मजुरी म्हणून खर्चात येते. सप्टेंबरात ६ लाख दिले आणि ४ लाखांचं काम झालं, तर खर्च ४ लाख, येणे २ लाख.

आणि टोळी आलीच नाही तर? हा प्रकार आपल्याकडं कोणाला सांगायला नको. धंद्यासाठी दिलेली उचल बुडाली, तर ती धंद्यातला तोटा म्हणून मांडता येते, पण फक्त दुसऱ्या रस्त्यानं आणि पुराव्यासह. नोटरी करार, बँकेतून पैसे दिल्याची नोंद, वकिलाची नोटीस, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत, एवढं हातात हवं. चावडीवर मोजून दिलेल्या रोख उचलीचा तोटा दाखवणं फार अवघड जातं.

*रोखीची मर्यादा:* एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिले, तर तो पूर्ण खर्च नामंजूर होतो. सकाळी ८ आणि संध्याकाळी ८ दिले तरी दिवसाचे १६ हजारच. दुसऱ्याची मालगाडी भाड्यानं लावली तर त्या भाड्यासाठी ही मर्यादा ३५ हजार आहे. आठवड्याची खर्ची मुकादमाच्या खात्यावर टाका. त्याचं खातं नसेल तर काढून द्या, तुमच्याच कामाचं आहे.

*नवा कायदा:* १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, त्यात कलमांचे नंबर बदलले. २०२५-२६ च्या हिशेबाला जुना कायदाच लागतो, म्हणून वर जुने नंबर दिलेत.

*या आठवड्यात करा* 👇
कारखान्याच्या शेती विभागातून वर्षाचा खातेउतारा आणि फॉर्म १६ए घ्या. पोर्टलवरून २६एएस काढा आणि दोन्ही आकडे जुळतात का बघा. जुळत नसतील तर आधी कारखान्याकडून दुरुस्ती करून घ्या, रिटर्न मग. पोर्टलवर बँक खातं पडताळलेलं असू द्या, परतावा त्याच खात्यावर येतो. आणि सीएकडे जाताना नुसतं पॅन-आधार नको, खेपांची वही आणि मुकादमाचा करार सोबत न्या.

पोर्टलचा पासवर्ड किंवा ओटीपी या ग्रुपवर टाकू नका. शंका व्हॉइस मेसेजनं पाठवा, तालुका आणि कोणता रस्ता धरलाय तेवढं सांगा.

– सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सोलापूर