सहा दिवसांत पाच सामने : सेवानी कॉलेजचा १८९९ सालचा हंगाम



आंतरशालेय स्पर्धा जवळ आल्या की लहान शाळेतल्या मुलांच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो : "त्यांच्या शाळेत एवढी मुले, एवढे मोठे मैदान, आपण त्यांच्यापुढे कसे टिकणार?" प्रश्न चुकीचा नाही. संख्येचे बळ असतेच. पण लहान संस्थेला कोणत्या गोष्टींच्या बळावर उभे राहता येते आणि त्याची किंमत काय पडते, हेही समजून घेतले पाहिजे. त्यासाठी या अंकात अमेरिकेतील एका लहान कॉलेजच्या फुटबॉल संघाचा अभ्यास करू.

कॉलेज आणि खेळ

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात कंबरलँड पठारावर सेवानी नावाचे छोटे गाव आहे. तेथे १८५७ साली 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ' ही संस्था स्थापन झाली. लगेच यादवी युद्ध सुरू झाल्याने काम थांबले आणि १८६८ मध्ये वर्ग सुरू झाले. गावाच्या नावावरून लोक या संस्थेला 'सेवानी' असेच म्हणतात. १८९९ साली तेथे काही शे विद्यार्थी होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे प्रवेश फक्त गोऱ्या मुलांनाच मिळे.

हा फुटबॉल आपण खेळतो तो नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट चेंडू हातात धरून पळायचे असते आणि समोरचे खेळाडू पळणाऱ्याला धरून खाली पाडतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याला जसे घेरून पकडतात, तशी ही झटापट असते. फक्त अंगावर येणारा जोर कितीतरी जास्त.

त्या वेळचे नियमही वेगळे होते. तीन प्रयत्नांत पाच यार्ड, म्हणजे सुमारे साडेचार मीटर, पुढे सरकावे लागे. चेंडू पुढे फेकण्यास परवानगी नव्हती. चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की ५ गुण मिळत. जे ११ जण चढाई करत तेच बचावही करत आणि बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नसे. आजच्यासारखी शिरस्त्राणे व जाड संरक्षक पोशाख नव्हते.

प्रवास का ठरला?

संघाचा व्यवस्थापक ल्यूक ली हा विशीतला विद्यार्थी होता. जवळच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी होणारा सामना म्हणजे सेवानीचे उत्पन्नाचे मोठे साधन. पण तिकिटांच्या पैशांच्या वाटणीवरून दोघांचे बिनसले आणि तो सामना झालाच नाही. ही तूट भरून काढण्यासाठी लीने रेल्वेचा एक लांबलचक दौरा आखला. म्हणजे या पराक्रमाचा उगम जमाखर्चाच्या वहीत आहे!

प्रवास सुमारे २,५०० मैलांचा, म्हणजे ४,००० किलोमीटरचा होता. आपला देश उत्तर-दक्षिण सुमारे ३,२०० किलोमीटर लांब आहे, त्यावरून अंतराची कल्पना करा. मुले रेल्वेच्या शयनयानात झोपत, सकाळी नव्या शहरात उतरत, दुपारी खेळत आणि रात्री पुन्हा गाडीत बसत. बाहेरच्या पाण्याने पोट बिघडू नये म्हणून आपल्या गावच्या झऱ्याचे पाणी पिंपांत भरून बरोबर नेले होते, असे सांगतात. दमलेल्या अंगांना मालिश करण्यासाठी कॅल बरोज नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ संघाबरोबर होते. ज्या कॉलेजात त्यांना विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला नसता, त्याच कॉलेजच्या यशात त्यांच्या श्रमाचा वाटा होता. इतिहास वाचताना असे वाटेकरी विसरू नयेत.

ते सहा दिवस

९ नोव्हेंबर, गुरुवार : ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठावर १२-० ने विजय.

१० नोव्हेंबर, शुक्रवार : ह्यूस्टन येथे टेक्सास ए अँड एम वर १०-० ने विजय.

११ नोव्हेंबर, शनिवार : न्यू ऑर्लिन्स येथे ट्युलेनवर २३-० ने विजय.

१२ नोव्हेंबर, रविवार : विश्रांती.

१३ नोव्हेंबर, सोमवार : बॅटन रूज येथे लुइझियाना स्टेटवर ३४-० ने विजय.

१४ नोव्हेंबर, मंगळवार : मेम्फिस येथे मिसिसिपी विद्यापीठावर १२-० ने विजय.

पाच सामन्यांत सेवानीचे ९१ गुण आणि प्रतिपक्षांचा मिळून एकही नाही. कर्णधार हेन्री सीबल्स टेक्सासविरुद्ध डोक्याला खोक पडूनही खेळत राहिला. प्रशिक्षक बिली सूटर यांनी मोजक्याच मुलांना तयार केले होते; बदली खेळाडूंची फौज त्यांच्याजवळ नव्हती.

दौऱ्याआधीचे चार आणि नंतरचे तीन धरून त्या हंगामात सेवानीने १२ सामने खेळले व बाराही जिंकले. एकूण गुण ३२२, विरुद्ध फक्त १०. हे दहाही गुण ऑबर्न संघाने ३० नोव्हेंबरला मिळवले. तो सामना सेवानीने ११-१० असा जेमतेम एका गुणाने जिंकला. ऑबर्नचे प्रशिक्षक होते जॉन हाइजमन. अमेरिकेतील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा चषक आज त्यांच्याच नावाने दिला जातो. दोनच दिवसांनी अटलांटा येथे सेवानीने नॉर्थ कॅरोलिनाला ५-० ने हरवले व हंगाम संपला.

विजयाची किंमत

इथे टाळ्या वाजवून थांबलो तर अभ्यास अपुरा राहील. या संघातील ऑर्मंड सिमकिन्स हा अतिशय दणकट खेळाडू होता. पुढील आयुष्यात त्याचे पाय कापावे लागले. मैदानातील जुन्या दुखापती हे त्याचे कारण सांगितले जाते. त्या काळी या खेळात मुले दगावत असत. १९०५ साली अशा मृत्यूंमुळे एवढा गदारोळ झाला की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. १९०६ पासून चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि नियम बदलत गेले. म्हणून "डोके फुटले तरी खेळलो" ही गोष्ट ऐकायला शूरपणाची असली, तरी अनुकरण करण्याजोगी नाही. आज डोक्याला मार लागला की खेळ तिथेच थांबवायचा आणि शिक्षकांना लगेच सांगायचे, हा आपला नियम असला पाहिजे.

पुढे काय झाले?

दक्षिणेतील मोठी विद्यापीठे वाढत गेली, खेळात पैसा आला. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या 'साउथईस्टर्न कॉन्फरन्स' या गटाचा सेवानी संस्थापक सदस्य होता. पण त्या गटातील एकही सामना त्याला कधी जिंकता आला नाही. तेव्हाचे कुलगुरू अलेक्झांडर गेरी यांचे मत होते की खेळ हा विद्यार्थ्यांसाठी आहे, केवळ खेळासाठी विकत आणलेल्या खेळाडूंसाठी नाही. १९४० मध्ये सेवानी त्या गटातून बाहेर पडले. आज ते कॉलेज तिसऱ्या श्रेणीत खेळते, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. १९६९ पासून तेथे मुलीही शिकतात.

माझ्या मते १८९९ चे विजय आणि १९४० चा निर्णय हे एकत्रच वाचले पाहिजेत. पहिल्यात नियोजन, कष्ट आणि एकजूट दिसते. दुसऱ्यात आपली संस्था कशासाठी आहे याची जाण दिसते, आणि नावाजलेल्या पंगतीतून स्वतःहून उठायला हिंमत लागते. लहान शाळेला या दोन्ही गोष्टींची गरज असते. आपण मोठ्या शाळांशी जरूर खेळावे, तयारीने खेळावे. पण त्यांच्यासारखे दिसण्यासाठी आपले वाचन, आपली भाषा आणि मुलांची प्रकृती गहाण टाकू नये.

स्वाध्याय

१. दौऱ्यातील पाच सामन्यांचे गुण स्वतः मांडून बेरीज करा. उरलेल्या सात सामन्यांत सेवानीने किती गुण मिळवले असतील?

२. ल्यूक ली पुढे १९११ ते १९१७ या काळात अमेरिकन सिनेटचा सदस्य होता. दौरा आखताना त्याला कोणकोणत्या गोष्टींची व्यवस्था करावी लागली असेल? यादी करा.

३. आपल्या शाळेच्या संघामागे मैदानावर न दिसणारी कोणती माणसे आहेत? त्यांपैकी एकाशी बोलून दहा ओळी लिहा.

४. १९४० चा निर्णय तुम्हाला योग्य वाटतो का? कारणे देऊन घरच्या मोठ्यांशी चर्चा करा.