जाळी मागून बघावी

कोल्हापुरात गाडीला काही नवं करायचं म्हटलं की सल्ला फुकट मिळतो आणि शिवाजी उद्यमनगरात ते करून देणारा माणूसही मिळतो. तरी पुढची ग्रिल मला घरीच करायला आवडते. काम आटोपशीर असतं, इंजिनाला हात लागत नाही आणि अर्धवट राहिलं तरी गाडी अडून बसत नाही. सुरुवात आमच्या जुन्या एस्टीमपासून झाली. मग मेहुण्याची गाडी आली, मग गल्लीतल्या पोरांच्या. करता करता एक गोष्ट पक्की झाली. समोरून सगळ्याच जाळ्या देखण्या दिसतात. काम कसं झालंय ते बॉनेट उघडून मागून बघितल्यावर कळतं. खालचे सगळे बोल त्यातूनच आलेले आहेत.

१. मागे कोण राहतं ते आधी बघा

बहुतेक गाड्यांत ग्रिलच्या मागे एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर, वर बॉनेटचं लॉक आणि बाजूला कुठेतरी हॉर्न असतो. त्या जागेवर तुमच्या हौसेच्या आधी यांचा हक्क. कंडेन्सरच्या बारीक पात्या बोटाने दाबल्या तरी वाकतात. जाळीचं एखादं टोक तिथे रोज घासत राहिलं तर एक दिवस नळीला भोक पडतं, गॅस जातो आणि स्वस्तातली हौस महागात पडते. दोघांत बोटभर मोकळी जागा राहायलाच हवी. नव्या गाड्यांत आणखी एक पाहुणा असतो: समोरच्या गाडीचं अंतर मोजणारं रडार. ते कुठे लोगोच्या मागे असतं, कुठे खालच्या बंपरात. धातूची जाळी रडारच्या लहरी अडवते. अशी गाडी घेऊन कुणी आलं तर मी चहा पाजतो आणि काम नाकारतो.

२. हवेचा हिशेब कागदावर मांडा

जाळीची ग्रिल मुळात शोभेसाठी जन्मली नाही. १९२० च्या दशकात बेंटलीच्या शर्यतीच्या गाड्या खडीमातीच्या रस्त्यांवर धावायच्या. पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला दगड रेडिएटर फोडू नये म्हणून त्यावर तारेची जाळी चढवत. दगड अडला पाहिजे आणि हवा आत गेली पाहिजे, एवढंच तिचं काम. ते आजही बदललेलं नाही.

चौकोनी विणीच्या जाळीचा हिशेब सोपा आहे. घराची रुंदी भागिले घर अधिक तार, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. १० मिमीचं घर आणि दीड मिमीची तार असेल तर सुमारे ७६ टक्के जागा मोकळी राहते. आता भोकांचा पत्रा घ्या. ५ मिमीची गोल भोकं ८ मिमीच्या अंतरावर तिरप्या ओळींत पाडलेली असली तर मोकळी जागा जेमतेम ३५ टक्के भरते. दुकानात हाच पत्रा सगळ्यात रुबाबदार दिसतो. रेडिएटरसमोर तो लावला की दोनतृतीयांश वाट बंद झाली, असं समजा.

३. ओढलेल्या पत्र्याला दिशा असते

माझी पसंती एक्स्पांडेड मेटलला. पत्र्याला चिरा पाडून तो ताणला की शंकरपाळ्याच्या आकाराची घरं तयार होतात. त्यात वीण नसते, वेल्डिंग नसतं, त्यामुळे कापली तरी ती उसवत नाही. पण एक खुबी दुकानदारही सहसा सांगत नाही. या जाळीच्या पट्ट्या सपाट नसतात, जुन्या झडपांच्या खिडकीसारख्या कलत्या असतात. तुकडा हातात धरा आणि उजेडाकडे बघा. एका बाजूने आरपार दिसेल. तोच तुकडा वरचं खाली करून धरला की समोर नुसता धातू दिसतो.

गाडीसमोर उभा असलेला माणूस ग्रिलकडे वरून खाली बघतो. पट्ट्यांचा कल असा ठेवा की त्याला आतला रेडिएटर न दिसता जाळी दिसेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वरची ग्रिल आणि बंपरातली खालची जाळी एकाच कलाने बसवा. कल उलटा झाला तर एकाच डब्यातला काळा रंग वर गडद आणि खाली राखाडी दिसतो, आणि मग माणूस रंगाच्या कंपनीला शिव्या देत बसतो. मी कापण्याआधीच प्रत्येक तुकड्यावर खडूने वर जाणारा बाण काढतो. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी हे एका वाक्यात सांगितलं होतं: “सायेब, जाळीला तोंड असतंय, ते बघून घ्या.”

४. धातू पावसाकडे बघून निवडा

१ ते दीड मिमीचं अ‍ॅल्युमिनियम घरच्या कामाला सगळ्यात सोयीचं. हाताने वाकतं, कात्रीने कापतं, गंजून लाल होत नाही. स्टेनलेस स्टील रंगाविनाही छान दिसतं, पण वाकवताना जीव घेतं. शिवाय बाजारात ३०४ म्हणून २०२ गळ्यात पडू शकतं आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत त्याच्यावर तांबूस डाग उठतात. “चुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४” असं दुकानदार सांगतो. त्यावर जाऊ नका, कारण २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. दुकान ओळखीचं हवं आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला लोखंडी स्क्रू लावायचा असेल तर मध्ये नायलॉनचा किंवा रबरी वॉशर घाला. दोन धातू ओले होऊन एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून झिजतं.

५. पुठ्ठा फुकट आहे, जाळी नाही

ग्रिलचं तोंड कधीच सरळ नसतं. ते बाजूंना मागे वळतं आणि वर झुकतं. म्हणून आधी पातळ पुठ्ठा, मास्किंग टेप आणि पेन्सिल. पुठ्ठा गाडीवर नीट बसला की चारी बाजूंनी वीस मिमी वाढवून जाळीवर उतरवायचा. मोजमाप मात्र कडेपासून धरू नका. जाळीच्या घरांची मधली ओळ गाडीच्या मध्यरेषेवर आणि तिथून दोन्हीकडे. कडेला अर्धी घरं येणारच, ती दोन्ही बाजूंना सारखी आली तर डोळ्याला खटकत नाहीत.

६. मूळ ग्रिल शाबूत ठेवा

कापायची ती भंगारातून आणलेली दुसरी फ्रेम. मागच्या बाजूला प्लॅस्टिकचं नाव कोरलेलं असतं ते वाचा. एबीएस असेल तर कापता, चिकटवता, रंगवता येतं. पीपी असेल तर खास प्लॅस्टिक प्रायमरशिवाय त्यावर रंगही टिकत नाही आणि गोंदही धरत नाही.

आतल्या पट्ट्या कापताना हॅकसॉचं ब्लेड हातात धरून सावकाश कापा. ग्राइंडर जोरात फिरला की प्लॅस्टिक कापलं न जाता वितळतं. आणि सगळ्याच पट्ट्या काढू नका. त्या फ्रेमचा कणा असतात. त्या गेल्या की फ्रेम हातात लवलवते आणि बॉनेट आपटल्यावर क्लिपा तुटतात. मागून एखादी पट्टी ठेवून काळी केली तर समोरून कुणाला दिसत नाही.

७. कापताना गाठ शोधा

पत्र्याच्या कात्रीने कापताना घराच्या मधोमध न कापता दोन घरं जुळतात त्या गाठीजवळ कापा. मध्येच कापलं तर प्रत्येक घराला एकेक काटा उरतो. हे काटे हातमोजा फाडतात आणि पुढे गाडी धुणाऱ्या पोराचा हात. कापून झालं की सगळी कड कानशीने घासायची. वाकवायला पाटाची कड आणि लाकडी मोगरी पुरते, लोखंडी हातोड्याने घरं चेपतात. ग्राइंडर वापरायचाच असेल तर गाडीपासून दूर, चष्मा लावून. उडालेली ठिणगी पुढच्या काचेत रुतली की तो ठिपका पुसला जात नाही.

८. गोंदावर भरवसा नको

आधी झिप टायने बांधा आणि गाडी आठवडाभर चालवा. कुठे आवाज येतो, बॉनेट लागताना काही अडतं का, ते कळतं. मगच कायमचं बसवा. ग्लू गनचा गोंद मे महिन्यात मऊ होतो. वर ऊन आणि मागे रेडिएटर, त्याचा इलाज नाही. एम-सील खरवडलेल्या जागेवर बरा धरतो, पण एकट्याच्या जिवावर त्याला लटकवू नका. छोटे नटबोल्ट, मागून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि नायलॉनचा नट हाच टिकाऊ मार्ग. जाळीच्या कडेला रबरी बीडिंग चढवलं की खडबडीत रस्त्यावरची किरकिर थांबते. हे बीडिंग समोरून दिसत नाही आणि बहुतेकजण तेवढंच टाळतात.

९. रंग म्हणजे धुणं आणि वाट बघणं

घरच्या जाळीचा रंग सोलला तर आपण डब्याला दोष देतो. बहुतेक वेळा दोष त्याच्या आधीच्या कामात असतो. नव्या जाळीवर कारखान्यातल्या तेलाचा पातळ थर असतो. तो भांड्यांच्या साबणाने आणि हिरव्या घासणीने काढायचा. पॉलिश पेपर घरांच्या आत पोचत नाही, घासणी पोचते. मग थिनरने पुसून वाळवायचं आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही.

प्रायमर धातूप्रमाणे बदलतो. अ‍ॅल्युमिनियमला आणि जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय जाळीला एच (etch) प्रायमर. घरात उरलेला रेड ऑक्साइड जीआयवर मारला तर दिसायला बसतो, पण तेलरंग आणि जस्त यांची प्रक्रिया होऊन आतल्या आत साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांत पापुद्रे निघतात.

स्प्रेचा डबा आतली गोळी खुळखुळायला लागल्यावरही मिनिटभर हलवा. जाळी वाळत घालायच्या तारेला टांगा. डबा वीतभर अंतरावर धरा आणि उजवीकडून, डावीकडून, वरून, खालून असे चारही कोनांतून पातळ थर द्या. समोरून कितीही मारला तरी पट्ट्यांच्या कडा कोऱ्या राहतात आणि अर्धा रंग घरांतून मागच्या भिंतीवर जातो. म्हणून मागे जुनं वर्तमानपत्र लावा आणि डबा एकच्या जागी दोन आणा. दोन थरांत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. एकाच वेळी जाड थर दिला तर रंग घरांच्या कोपऱ्यात साचून थेंब धरतो. जुलैत हे काम काढू नका. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. कोल्हापुरात दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. मॅट काळा पहिल्यांदा करणाऱ्याला सांभाळून घेतो, चकचकीत रंग प्रत्येक ओघळ दाखवतो.

खूप वापरातली गाडी असेल तर सरळ पावडर कोटिंग करून घ्या. खिडक्यांच्या आणि गेटच्या कामांसोबत आपला लहान तुकडाही भट्टीत जातो. एकच लक्षात ठेवा: भट्टी १८० ते २०० अंश सेल्सिअसची असते आणि एबीएस शंभरच्या आसपासच मऊ पडतं. म्हणजे आधी कोटिंग, मग फ्रेमला जोडणी. क्रम उलटला तर फ्रेम परत मिळणार नाही.

१०. परीक्षा घाटात, आणि मग उसाच्या हंगामात

मे महिन्यात साखरप्याकडून आंबा घाट चढा. एसी चालू, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे मालाचा ट्रक. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवर राहिला तर जाळी पास. काटा वर सरकायला लागला तर घरं मोठी घ्या. त्यावर दुसरा उपाय शोधत बसू नका.

आमच्याकडे दुसरी परीक्षा ऊसतोड सुरू झाली की येते. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून जाताना पाचटाचे तुकडे आणि कुसळं उडून ग्रिलवर बसतात. जाळी ती अडवते, हा तिचा खरा उपयोग. पण अडवलेलं काढावं लागतं. आठवड्यातून एकदा मऊ ब्रश फिरवा. पाणी मारायचं तर साध्या नळीने, कारण जोरदार प्रेशरने कंडेन्सरच्या पात्या झोपतात. आत मच्छरदाणीची बारीक जाळी लावायचा मोह अनेकांना होतो. ती चार दिवसांत भरते आणि हवा बंद होते. उंदरांसाठी तर कुठलीच ग्रिल उपयोगाची नाही. ते पुढच्या दाराने येत नाहीत, खालून चढतात.

११. कायद्याची रेघ ओळखा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम उचलून धरलं. पुढे लावलेल्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलं होतं. त्यामुळे मूळ फ्रेमच्या आत बसणारी हलकी जाळी एवढ्यावरच मी थांबतो. नंबर प्लेट झाकली जाणार नाही, बाहेर काही टोकदार निघणार नाही आणि मागे रंगीत दिवे लागणार नाहीत. विमा कंपनीला बदल कळवून ठेवला तर दाव्याच्या वेळी वाद होत नाही.

१२. लोगो आपलाच लावा

जाळी बसली की गल्लीत कुणीतरी विचारतंच, “आता मधोमध एखाद्या मोठ्या गाडीचा लोगो टाकू या का?” माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी बॉनेट उघड आणि मागची कड दाखव. काटे घासलेले आहेत, बीडिंग आहे, बोल्ट घट्ट आहेत, कंडेन्सर मोकळा आहे, एवढं दिसलं तर गाडीला उसन्या नावाची गरज उरत नाही. नसेल दिसलं, तर लोगोचे पैसे बीडिंगवर खर्च करावेत.