रोह्याच्या भाच्यास पत्र: धुतलेल्या गाडीसाठी ब्लोअर

ब्लोअरचे काम धुतलेल्या गाडीवरचे पाणी ढकलून खाली पाडण्याचे. रोह्यात वॉशिंग सेंटर काढणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे, कारण यंत्राची निवड त्यावरच ठरते. जुलैत पेण-रोह्याची हवा इतकी ओली असते की दोरीवरचा फडकासुद्धा वाळत नाही. पाण्याची वाफ होण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो. थेंब ढकलायचे तर हवा भरपूर हवी, गरम नसली तरी चालते.

पाणी दडून बसते आरशाच्या खोबणीत, दाराच्या हँडलमागे, दिव्यांच्या फटीत, नंबरप्लेटखाली. तिथे फडका पोचत नाही. पुसलेली गाडी कोलाडला हायवेला लागेपर्यंत तिथूनच ओघळ येतात, बोअरच्या पाण्यातल्या क्षाराचे पांढरे डाग काचेवर राहतात आणि मुंबई-गोवा हायवेची धूळ त्या ओघळांवर चिकटते. धरमतर खाडीकडच्या खाऱ्या हवेत फटीतल्या ओलीने पत्राही लवकर गंजतो.

टायरसाठी कॉम्प्रेसर असतोच, त्याचीच एअर गन वापरावी असे कोणाच्याही मनात येते. तिच्या हवेला जोर असतो, पण झोत बोटाएवढा. सबंध टपावर तो फिरवण्यात वेळ फुकट जातो. शिवाय दाबलेल्या हवेतली वाफ थंड होऊन टाकीत पाणी साचते, त्यात कॉम्प्रेसरचे तेलही उतरते. पेणच्या गणपती कारखान्यांत गनने रंग मारणाऱ्यांना याची पक्की जाणीव असते: टाकीतले पाणी काढले नाही तर रंगाबरोबर थेंब उडतो आणि मूर्तीवर डाग पडतो. गाडीच्या काचेवर तोच तेलकट फवारा बसतो. म्हणून एअर गन फटींपुरतीच ठेवावी, तीही मॉइश्चर फिल्टर लावून आणि टाकीचा कॉक रोज उघडून.

इलेक्ट्रिशियन धूळ उडवायला वापरतात तो ५००-६०० वॉटचा हँड ब्लोअर घरच्या एका गाडीला पुरतो. बॅटरीचा ब्लोअर सुटसुटीत खरा, पण १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ७२ वॉट-अवरच वीज मावते. ३०० वॉट ओढणारे यंत्र तीवर जेमतेम १४ मिनिटे चालते. दिवसभर गाड्या येणाऱ्या जागी हे परवडत नाही. तिथे भिंतीला टांगलेला, लांब पाइपचा, विजेवर चालणारा ड्रायरच योग्य. हवा ओढणाऱ्या तोंडाला फिल्टर हवाच, नाहीतर अंगणातली माती रंगावर आपटून ओरखडे पडतात. नोझलचे टोक रबरी असावे. झोत टपापासून सुरू करून वीतभर अंतरावरून तिरका खाली न्यावा.

पायाखाली पाणी आणि हातात विजेचे यंत्र, हा प्रकार जिवाशी खेळ आहे. चोख अर्थिंग, उंचावरचे सॉकेट आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आधी बसवून घ्यावा, ब्लोअरची खरेदी त्यानंतरच करावी.